विल्सन हॉलमधली काचेची खोली

शिकागोजवळच्या फर्मीलॅब या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेच्या विल्सन हॉलमध्ये २००७ साली काचेच्या भिंतींची एक खोली सुरू झाली. तिथल्या पडद्यांवर जे दिसायचं ते घडत होतं जिनिव्हाजवळ, फ्रान्समधल्या सेसी गावात. सेसीखाली सुमारे १०० मीटर खोलवर सीएमएस हा डिटेक्टर आहे; प्रोटॉनांच्या टकरींतून काय बाहेर पडतं ते तो टिपतो. यंत्राचा ताबा सेसीकडेच, पण येणाऱ्या नोंदी धड आहेत ना, हे आलेखांवरून तपासायची पाळी शिकागोत बसूनही करता येते. जिनिव्हात रात्री ११ ला लागणारी पाळी इथे दुपारी ४ ला लागते. ही सोय कुणाला पटवून द्यावी लागली नसेल.

खरी गंमत मात्र सेसीशी जोडलेल्या व्हिडिओची. बैठकीपुरता लावायचा आणि बंद करायचा असा तो नव्हता, सतत चालू असायचा. बहुतेक वेळ त्यात पाठमोऱ्या माणसांपलीकडे काही दिसत नसणार. पण पलीकडचा माणूस जागेवर आहे का, त्याला आत्ता विचारावं की थांबावं, हे नजरेनेच कळतं. ईमेलवर तेवढ्यासाठी तीन पत्रं होतात. माझ्या मते शंभर बैठकांपेक्षा हे शेजारपण जास्त कामाचं.

दूर बसून व्हिडिओवर भेटण्याची वाट त्याआधीच कॅलटेक या अमेरिकी विद्यापीठाने पाडली होती. १९९७ साली तिथे व्हीआरव्हीएस ही व्हिडिओ-बैठकांची व्यवस्था सुरू झाली. प्रत्येकाने प्रत्येकाला चित्र पाठवलं तर नेटवर्क तुंबतं. म्हणून ठिकठिकाणी ‘रिफ्लेक्टर’ ठेवले. आपलं चित्र जवळच्या रिफ्लेक्टरला एकदाच द्यायचं, पुढची वाटणी त्याची.

१० सप्टेंबर २००८ ला, सीएमएस ज्याच्यावर बसवलाय त्या एलएचसी या कणवेगकात प्रोटॉनांचा पहिला झोत पूर्ण फेरी फिरला, तेव्हा जिनिव्हात सकाळचे १०:२८ झाले होते आणि शिकागोत पहाटेचे ३:२८. फर्मीलॅबने चक्क पायजमा पार्टी ठेवली होती.

सगळ्यांच्या सोयीची वेळ काढणं अजून कुठल्याच यंत्राला जमलेलं नाही. सीएमएसचा एक भाग, बाहेरचा हॅड्रॉन कॅलरीमीटर, घडवण्यात मुंबईत कुलाब्याला असलेल्या टीआयएफआर या संशोधन संस्थेचा मोठा वाटा, म्हणून वेळ ठरवताना मुंबईही धरावी लागते. जिनिव्हातली संध्याकाळी ५ ची बैठक म्हणजे शिकागोत सकाळचे १० आणि कुलाब्यात हिवाळ्यात रात्रीचे साडेनऊ. मार्चमध्ये अमेरिका आपली घड्याळं युरोपच्या आधी पुढे सरकवते. ते लक्षात न ठेवता १० ला येऊन बसणारा शिकागोकर तासभर एकटाच असतो. मार्चअखेर युरोपही हलतं आणि मुंबईची बैठक साडेआठवर येते, म्हणजे ऐन जेवणाच्या वेळेला.