नरनाळा : सातपुड्याच्या टोकावरचा एक दिवस

वऱ्हाडाला समुद्र नाही. पण सातपुड्याची एक सोंड भूशिरासारखी पूर्णेच्या मैदानात पुढे येऊन थांबते, तिथे नरनाळा किल्ला उभा आहे. अकोल्याहून अकोटमार्गे पायथ्याच्या शहानूर गावी पोहोचता येते. पुढचा सारा परिसर मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा असल्याने वनविभागाच्या नाक्यावर नोंद करून सोबत गाईड घ्यावा. सकाळी लवकर निघालेलेच बरे, कारण वैशाखात दुपारी इथला काळा दगड तापतो.

गडाचे खरे वैभव म्हणजे महाकाली दरवाजा. बहमनी काळात, 1487 मध्ये, फतहुल्लाह इमाद-उल-मुल्क याने तो बांधला. पुढे याच सरदाराने वऱ्हाडात इमादशाहीची स्थापना केली. दरवाजावरची नक्षी आणि कोरलेली अक्षरे निवांत पाहण्यासारखी आहेत, पण बहुतेक पर्यटक फोटो काढून पुढे सरकतात. अकबराच्या काळात नरनाळा हे वऱ्हाड सुभ्यातील एका ‘सरकार’चे, म्हणजे सुभ्याच्या एका विभागाचे, ठाणे होते.

माथ्यावर शक्कर तलाव आणि नऊगजी तोफ आहे. तलावाच्या तळाशी परीस असल्याची जुनी समजूत आहे. तो अजून कोणाला सापडलेला नाही. मुख्य गडाला जाफराबाद आणि तेलियागड हे दोन जोडकिल्ले लागून आहेत, पण एका दिवसात तिन्ही नीट पाहून होत नाहीत. दक्षिणेच्या तटावरून कपाशीची शेते आणि खारपाणपट्टा, म्हणजे खाऱ्या भूजलाचा प्रदेश, दूरवर पसरलेला दिसतो. जंगलात बिबट्या व अस्वलाचा वावर असल्याने अंधार पडण्यापूर्वी खाली उतरावे लागते.