गुदामकामाचें शिक्षण : अंबरनाथ पश्चिम येथील उदमी मंडळींस विनंती

दुष्काळांत धान्य कमी पडतें हें सर्व जाणतात. परंतु मोठ्या कष्टानें मिळविलेलें धान्य गुदामांतच ओल लागून कुजतें, ही गोष्ट कोठीचा हिशेब ज्यानें एकदां तरी पाहिला त्यासच कळते. म्हणून उदार व्यापारी, जमीनदार व इतर दात्या गृहस्थांपुढें द्रव्याच्या विनंतीबरोबर आज एक निराळा विषय आम्ही सादर करीत आहों : गुदामांत राबणाऱ्या माणसांचें शिक्षण.

अंबरनाथ पश्चिम भागास कारखाने नवे नाहींत. आगपेट्यांचा मोठा कारखाना गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत आला, स्वातंत्र्यानंतर आयुधनिर्माणी आली, आणि पुढें चिखलोली-मोरिवलीच्या बाजूस औद्योगिक वसाहत होऊन रसायनांचे व औषधांचे कारखाने उभे राहिले. माल तयार करणाऱ्यास शिकवावें लागतें हें जितकें मान्य झालें, तितकें माल सांभाळणाऱ्याविषयीं झालें नाहीं. "गोणी उचलण्यास शिक्षण कशाला ?" असें आम्हांस चांगल्या शेटजींनींही विचारिलें आहे.

वस्तुतः १ जुलै २०१७ पासून या धंद्याचें रूपच पालटलें. त्या दिवशीं वस्तु व सेवा कर लागू झाला आणि मुंबईची जकातही उठली. पूर्वीं कराच्या सोयीसाठीं राज्याराज्यांत लहान कोठ्या ठेवाव्या लागत. आतां थोड्या पण प्रचंड गुदामांत माल ठेवणें परवडूं लागलें. शेजारच्या भिवंडी तालुक्यांत, जकातीच्या हद्दीबाहेर, हा धंदा अगोदरच रुजला होता. तो झपाट्यानें वाढला. भातखाचरें गेलीं, पत्र्याच्या छपरांचीं गुदामें आलीं. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या मुलांस तेथें काय मिळालें ? बहुधा फाटकावरची काठी, नाहीं तर पाठीवरची गोणी. बारकोड वाचणारा, फोर्कलिफ्ट चालविणारा, साठ्याचा मेळ घालणारा मनुष्य बाहेरून आणावा लागतो.

हें काम कसें असतें तें थोडक्यांत सांगतों. धान्याची गोणी उघड्या जमिनीवर रचूं नये. खालीं लांकडी फळ्या घालाव्या, आणि थप्पी भिंतीपासून दूर ठेवावी, म्हणजे वारा खेळतो व माणसास चारही बाजूंनीं फिरून पाहतां येतें. धान्यांतील ओल शेंकडा १४ च्या वर गेली कीं बुरशी व किडा यांस आमंत्रणच. आधीं आलेला माल आधीं बाहेर काढावा, हा नियम सर्वांस पाठ असतो. पण नवी थप्पी जुनीच्या पुढें रचली कीं तो तिथेंच मोडतो. रसायनांच्या गुदामांत तर चुकीस क्षमाच नाहीं. सांडलेल्या नायट्रिक आम्लावर एखाद्या भाबड्या नोकरानें लांकडाचा भुसा टाकला, तर तो भुसाच पेट घेऊं शकतो. तेल पुसण्याची जी पद्धत तो घरीं शिकला, तीच येथें घातक ठरते. फोर्कलिफ्टचेंही तसेंच : भार खालीं ठेवून चालवावें, चढावर किंवा उतारावर भार नेहमीं चढाच्या बाजूस असावा, उलट केल्यास भार घसरतो किंवा यंत्र उलटतें, आणि खालीं मनुष्य सांपडतो.

नोंदवहीबद्दल आम्हांस विशेष बोललें पाहिजे, कारण आमचा व्यवसाय वकिलीचा. एका गुदामांतील चाळीस गोण्या नाहींशा झाल्याचें प्रकरण आमच्याकडे आलें होतें. कारकुनावर आरोप ठेवून त्यास काढून टाकलें होतें. तपासांत दिसलें कीं गोण्या दुसऱ्या थप्पींत होत्या; त्या दिवशींच्या नोंदी त्यानें संध्याकाळीं आठवणीनें लिहिल्या होत्या, कारण गाडी उभी असतांनाच लिहावें हें त्यास कोणीं शिकविलेंच नव्हतें. मालकाचे पैसे वांचले. कारकुनाची अब्रू मात्र त्या वहीनें परत आणिली नाहीं.

कायद्याची अडचण या कामीं नाहीं. हमालांच्या हिताकरितां १९६९ चा माथाडी कायदा आहे. त्यामागें अण्णासाहेब पाटील यांचे परिश्रम होते. उमेदवारीचा कायदा १९६१ चा. २०१९ सालीं त्याचे नियम सुधारल्यापासून तीस किंवा अधिक नोकर असलेल्या आस्थापनेनें शेंकडा २.५ ते १५ उमेदवार ठेवणें बंधनकारक आहे. विद्यावेतनाचा कांहीं अंश २०१६ च्या योजनेखालीं सरकार सोसतें. उमेदवारास केर काढण्यास लावून कागदोपत्रीं संख्या भरणारेही आम्हीं पाहिले आहेत. त्यांस ही विनंती नाहीं.

आम्ही मागतों तें थोडें आहे. गुदामधारकांनीं आपल्या जागेचा एक कोपरा, एक तराजू, ओल मोजण्याचें एक यंत्र आणि रोज दोन तास एक जाणता कोठीवाला द्यावा. त्या दोन तासांचा पगार नोकराचा कापूं नये. जमीनदार मंडळींनीं जमीन भाड्यानें देतांना करारांतच गांवच्या इतक्या मुलांस काम शिकविण्याची अट घालावी. असा करार लिहून देण्यास आम्ही मेहनताना घेणार नाहीं. दात्यांनीं टोप्या, बूट व हातमोजे यांचा खर्च पत्करावा. शाळा सोडलेल्या मुलास वगळूं नये. मोजणें व लिहिणें आलें म्हणजे आरंभास पुरे.

ज्यांस जागा देणें शक्य असेल त्यांनीं मृगापूर्वीं कळवावें, कारण धान्याची ओल कशी चढते तें पावसाळ्यांतच दाखवितां येतें.