अंडरटेकर टिटवाळ्याला कसा आला?

नव्वदच्या दशकात शाळेत असलेला एखादा काका किंवा मामा गाठा आणि त्याला पैलवानांची उंची-वजनं छापलेल्या पत्त्यांबद्दल सहज विचारा, "ट्रम्प कार्डांत वजनाला सगळ्यात भारी कोण?" मामा क्षणाचाही विचार न करता म्हणेल, "योकोझुना!" आणि मग अर्धा तास तुमची सुटका नाही. अंडरटेकर, ब्रेट हार्ट, शॉन मायकल्स, हल्क होगन... नावांची गाडी सुटली की सुटली. मामाला कोथिंबीर आणायला पाठवलं असेल, तर आज आमटी कोथिंबिरीशिवाय.

ही मंडळी अमेरिकेतल्या एका कुस्तीच्या कार्यक्रमातली. तेव्हा त्याचं नाव डब्ल्यूडब्ल्यूएफ होतं, २००२पासून ते डब्ल्यूडब्ल्यूई झालं. आणि त्यांचे चाहते कुठे? थेट टिटवाळ्यात! कल्याणहून कसारा लोकल पकडली की शहाड, आंबिवली आणि मग टिटवाळा. मंगळवारी गणपतीला येणाऱ्यांची गर्दी, पलीकडे काळू नदी, आणि गल्लीत ज्यांच्याकडे केबल त्यांच्या दाराबाहेर चपलांचा ढीग.

शाळेत मधल्या सुट्टीत बातम्याही फिरत. सगळ्यात खात्रीची बातमी अशी, की अंडरटेकर सात वेळा मेला आणि सातही वेळा परत आला. खात्रीची म्हणजे काय, तर कुणाच्या तरी कल्याणच्या मावसभावाने सांगितलेली! खरी गोष्ट त्याहून मजेशीर आहे. अंडरटेकर म्हणजे टेक्सासचा मार्क कॅलावे. १९९४मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफ चालवणाऱ्या कंपनीने गोष्टीत गंमत आणायला ब्रायन ली नावाच्या दुसऱ्याच पैलवानाला तसेच कपडे घातले आणि खऱ्या अंडरटेकरची नकली अंडरटेकरशी झुंज लावली. पुढे १९९६मध्ये 'खिलाडियों का खिलाडी' हा सिनेमा आला. त्यात अक्षय कुमार ज्याच्याशी लढतो, तो अंडरटेकर हाच ब्रायन ली! टिटवाळ्यातली अर्धी पोरं मात्र खऱ्या अंडरटेकरला अक्षयने उचललं म्हणून छाती फुगवून फिरत होती.

आता तुमच्या ओठांवर आलेला प्रश्न. हे सगळं खरं होतं की खोटं?

कोण जिंकणार हे आधी ठरलेलं असायचं. हे काही गुपित नाही. १९८९मध्ये कंपनीने स्वतःच अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याच्या सरकारला सांगून टाकलं, की आमचा हा खेळ म्हणजे करमणूक आहे, तुमचे खेळाचे नियम आम्हाला लावू नका. तेव्हा आपल्याकडे परदेशी चॅनेल यायची होती. म्हणजे आपण पैजा लावायला सुरुवात केली, त्याच्या आधीच गुपित फुटलं होतं! पण एक गोष्ट त्या कंपनीलाही ठरवता येत नव्हती. गुरुत्वाकर्षण. कोण हरणार हे कागदावर लिहिता येतं, पण वरून पडणारा माणूस किती वेगाने खाली येणार, ते कागद ऐकत नाही. म्हणून 'खोटं आहे रे' म्हणून चॅनेल बदलणाऱ्यांपेक्षा मला 'मग तो उठतो कसा?' असं विचारणारी मुलं जास्त आवडतात.

आधी उचलण्याचं बघू. २९ मार्च १९८७ला हल्क होगनने आंद्रे द जायंटला उचलून आपटलं. आंद्रेचं वजन ५२० पौंड म्हणून पुकारलं होतं, म्हणजे सुमारे २३६ किलो. (पुकारलेले आकडे जरा फुगवलेले असत, ट्रम्प कार्डांचाही तोच मामला.) एवढा माणूस उचलला कसा? होगन ताकदवान होताच, पण इथे एक छोटा प्रयोग करा. घरातल्या धाकट्या भावंडाला जागेपणी उचला आणि तेच गाढ झोपेत असताना मोठं माणूस त्याला कसं उचलतं ते बघा. काटा दोन्ही वेळा तेवढंच वजन दाखवेल, पण झोपलेलं पोर जड लागतं. जागं पोर तुमच्या गळ्यात हात टाकतं, अंग आवळून तुम्हाला चिकटतं. त्याचा गुरुत्वमध्य, म्हणजे सगळं वजन जिथे एकवटलंय असं मानता येतं ती जागा, तुमच्या अंगाजवळ येते. झोपलेल्या पोराचे हातपाय लोंबतात आणि गुरुत्वमध्य तुमच्यापासून लांब जातो. तो जितका लांब, तितका तुमच्या कमरेवर ताण.

टीव्हीवरचा उचलला जाणारा पैलवान म्हणजे जागं पोर. योग्य क्षणी तो स्वतःच हलकीशी उडी मारतो, उचलणाऱ्याच्या मांडीवर हात रेटतो आणि अंग ताठ ठेवतो. वर जायचं निम्मं काम त्याचे स्वतःचे पाय करतात. दोघांची ही भागीदारी इतकी सफाईदार, की आपल्याला भांडणच दिसतं.

आपल्या मातीतल्या कुस्तीत असली मदत मिळत नाही. समोरचा पैलवान तुम्हाला उडी मारून देईल? उलट तो जमिनीला घट्ट चिकटून बसेल. म्हणून तिथे डाव लागतात. धोबीपछाड मारताना पैलवान झपकन वळतो, आपली कंबर समोरच्याच्या गुरुत्वमध्याच्या खाली घालतो आणि त्याला पाठीवरून पुढे खेचतो. वजन हातांनी उचलायचंच नाही, कमरेवरून फिरवायचं! कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२मध्ये हेलसिंकीला ऑलिंपिकचं कांस्यपदक मिळवलं, तेव्हा त्यांच्यासाठी कुणीही उडी मारलेली नव्हती. माझं मत विचाराल तर ट्रम्प कार्डांच्या त्या जुड्यांत खाशाबांचा पत्ता पहिला हवा होता. उंची आणि वजनात तो हरला असता, ते सोडा.

आता आवाज. धडाम! हा आवाज आठवला की मामा अजून दचकतो. रिंगची जमीन जमिनीवर नसतेच. खाली लोखंडी सांगाडा, त्यावर लाकडी फळ्या, त्यावर फोमचा पातळ थर आणि सगळ्यांवर ताणून बांधलेलं कॅनव्हासचं कापड. फळ्यांखाली पोकळी. थोडक्यात, ही खोलीएवढी ढोलकी आहे आणि पैलवान तिच्यावर थाप मारतो, पाठीने. फळ्या थरथरतात, आतली हवा घुमते आणि साध्या पडण्याचाही दणदणीत आवाज होतो. गुद्द्यांचा आवाज तर त्याहून चलाखीचा. गुद्दा मारणारा त्याच क्षणी पाय आपटतो! हात गालाला निसटता लागतो, पाय फळीवर दाणकन पडतो. दिसणं आणि ऐकू येणं अगदी एकाच वेळी झालं की आपला मेंदू दोन्हींची एकच घटना करून मोकळा होतो. 'पायाचा आवाज' आणि 'हाताची हालचाल' अशी वेगवेगळी नोंद करायला तो थांबत नाही. जुन्या झुंजीचं चित्रण मिळालं तर आवाज बंद करून बघा. गुद्दे एकदम फुसके वाटतील आणि आपटणारा पाय स्पष्ट दिसेल.

पण पडणं? त्यात चलाखी कमी आणि विज्ञान जास्त. वहीच घ्या. एक माणूस २ मीटरवरून, म्हणजे २०० सेंटीमीटरवरून पडला असं धरू. खाली पोचेपर्यंत त्याचा वेग ताशी २२ किलोमीटरच्या आसपास होतो. हा वेग कुठेतरी संपायला हवा. समजा, तो फरशीवर पडला आणि २ सेंटीमीटरमध्येच थांबला. तर २०० भागिले २, म्हणजे त्याच्या अंगावर सरासरी त्याच्या वजनाच्या जवळजवळ १०० पट जोर येईल. आता खालची जमीन दबली आणि थांबायला १० सेंटीमीटर मिळाले असं समजा. २०० भागिले १०. जोर एकदम २० पटींवर आला! रिंगच्या फळ्या लवचीक ठेवतात त्या यासाठी. जोर तरीही २० पट आहे, हेही विसरू नका.

हीच युक्ती आपल्या आखाड्याला फार पूर्वीपासून माहीत आहे. तालमीतली लाल माती तेल, ताक, हळद घालून मळतात आणि कुस्तीआधी खणून भुसभुशीत करतात. मातीच्या कणांमध्ये हवा खेळती राहते, पैलवान पडला की माती दबते आणि त्याला थांबायला जास्तीची जागा मिळते. शाहू महाराजांनी १९१२मध्ये कोल्हापूरला खासबाग मैदान बांधलं, तिथला हौदा असाच मातीचा.

शिवाय कसं पडायचं, हेही शिकावं लागतं. रिंगमधला पैलवान हनुवटी छातीला लावतो, म्हणजे डोकं मागे आपटत नाही. सगळी पाठ एकदम टेकवतो आणि दोन्ही हात फटकन पसरून आपटतो, त्यामुळे मार एका हाडावर न येता मोठ्या भागावर वाटला जातो. श्वासही सोडतो. ज्युदो शिकणाऱ्या मुलांचा पहिला धडा हाच असतो. आधी पडायला शिका, मग पाडायला.

म्हणूनच घरातल्या पलंगावरून भावाला 'बॉडीस्लॅम' (म्हणजे उचलून आपटी) द्यायचा विचार असेल, तर तो आत्ताच सोडा. आपल्या फरश्या २ सेंटीमीटरसुद्धा दबत नाहीत. वर्षानुवर्षं सराव केलेल्यांनाही नेहमी जमत नाही. २८ जून १९९८ला अंडरटेकरने मिक फोली नावाच्या पैलवानाला रिंगभोवतीच्या सुमारे १६ फूट उंचीच्या पिंजऱ्यावरून खाली टाकलं. तो जवळजवळ एक सेकंद हवेत होता आणि खाली येईपर्यंत त्याचा वेग ताशी ३० किलोमीटरच्या वर गेला असणार. खाली टेबल होतं. ते मोडलं, आणि मोडताना पडण्याची थोडी ऊर्जा त्याने खाल्ली. तरी त्या रात्री फोलीचा खांदा दुखावला, दातही तुटला. त्याला टाकायचं हे ठरलेलं होतं. लागलं मात्र खरंखुरं.

बरं, अमेरिकेतला हा धडाम टिटवाळ्यापर्यंत आला कसा? मला विचाराल तर सगळ्यात भारी झुंज इथे आहे, आणि ती अंतराळात झाली.

फेब्रुवारी १९८४मध्ये 'चॅलेंजर' या अंतराळयानातून 'वेस्टार-६' नावाचा उपग्रह सोडला. त्याला ३६ हजार किलोमीटर वर जायचं होतं, पण त्याची मोटर लगेच बंद पडली आणि तो खूप खालच्या कक्षेत अडकून पडला. फुकट गेला! मग नोव्हेंबरमध्ये 'डिस्कव्हरी' यान त्याच्या मागावर गेलं. जो ॲलन आणि डेल गार्डनर हे अंतराळवीर पाठीला जेटचं यंत्र बांधून बाहेर पडले आणि त्यांनी तो पकडला. त्याच मोहिमेत त्यांनी 'पालापा बी-२' हा असाच अडकलेला दुसरा उपग्रहही पकडला. तो यानात बसवताना एक जोडणी नीट बसेना, तेव्हा ॲलनने अर्ध्या टनाच्या आसपासचा तो उपग्रह चक्क हातांनी धरून ठेवला. किती वेळ? यानाची पृथ्वीभोवती जवळजवळ एक फेरी होईपर्यंत, म्हणजे सुमारे दीड तास! होगनला आंद्रे काही सेकंदच पेलला होता.

पण ॲलन काही पैलवान नव्हता. कक्षेत फिरताना यान, माणूस आणि उपग्रह सगळे एकत्रच पृथ्वीभोवती 'पडत' असतात, त्यामुळे हाताला वजन लागत नाही. वस्तुमान मात्र तेवढंच राहतं. म्हणून उपग्रह हलवायचा तर अगदी हळू. एकदा का तो वेगात सुटला, की थांबवताना त्याचा अर्धा टन तुम्हाला चांगलाच कळेल.

काम झाल्यावर दोघांनी एक पाटी धरून फोटो काढला. पाटीवर लिहिलं होतं, 'विकणे आहे'! गंमत म्हणजे वेस्टार-६ खरोखर विकला गेला. हाँगकाँगच्या एका कंपनीने तो घेतला, दुरुस्त करून त्याचं नाव 'एशियासॅट-१' ठेवलं आणि ७ एप्रिल १९९०ला चीनच्या रॉकेटवरून तो पुन्हा वर गेला. या वेळी नीट पोचला. १९९१मध्ये स्टार टीव्हीने त्याच्यावरून आशियाभर कार्यक्रम सुरू केले. त्यातल्या प्राइम स्पोर्ट्स या चॅनेलवर आपले हे पैलवान धुमाकूळ घालायचे.

इतक्या उंचीवरच्या उपग्रहाला पृथ्वीभोवती एक फेरी मारायला एक दिवस लागतो, आणि पृथ्वीही तेवढ्याच वेळात स्वतःभोवती फिरते. त्यामुळे तो आपल्याला आकाशात एकाच जागी खिळलेला वाटतो, आणि केबलवाल्याला गच्चीवरची भलीमोठी डिश एकदा वळवून ठेवली की पुन्हा हात लावावा लागत नाही. टिटवाळ्यातून ही जागा कुठे? पूर्वेला असलेल्या मुरबाडकडे तोंड करून उभे राहा, किंचित उजवीकडे वळा आणि क्षितिजापासून थेट डोक्यावरच्या बिंदूपर्यंतच्या साधारण निम्म्या उंचीवर बोट दाखवा. बस, तिथे. तिथून येणारा संदेश इतका क्षीण असे, की तो गोळा करायला डिशला मोठा आणि खोलगट आकार लागे. तिच्यावर पडणारे सगळे किरण मधल्या एका बिंदूकडे वळत, आणि तिथून तार झाडांवरून, कौलांवरून थेट टीव्हीत.

आता शेवटचं गणित. पृथ्वीवरून उपग्रहापर्यंत आणि परत, असे सुमारे ७२ हजार किलोमीटर. रेडिओलहरी सेकंदाला ३ लाख किलोमीटर जातात. भागाकार करा: ०.२४ सेकंद. म्हणजे उपग्रहामुळे होणारा उशीर पाव सेकंदाहूनही कमी. मात्र तेव्हा डब्ल्यूडब्ल्यूएफचे बरेच भाग एकाच संध्याकाळी चित्रित करून ठेवत आणि नंतर आठवड्याला एकेक दाखवत. टिटवाळ्यात पोरं जिवाच्या आकांताने "ऊठ, ऊठ!" ओरडायची, तेव्हा तो पडलेला पैलवान कधीच उठून, आंघोळ करून, जेवून घरी गेलेला असायचा.