रोमन विटांचं गाव, लंडनची गाडी

मुलांनो, इतिहासाच्या पुस्तकातलं शहर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? पडक्या भिंती, तिकिटाची खिडकी आणि 'हात लावू नये' अशी पाटी! पण अशा शहरात रोज राहायचं असेल तर? चला, आज इंग्लंडमधल्या सेंट ऑल्बन्स या गावी जाऊ या. लंडनच्या उत्तरेला, साधारण ३२ किलोमीटरवर ते आहे.

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी रोमन लोकांनी इथे व्हेरुलेमियम नावाचं शहर वसवलं. इ.स. ६०-६१च्या सुमारास बुडिका राणीने रोमनांविरुद्ध बंड केलं आणि हे शहर जाळलं. ते पुन्हा उभं राहिलं. पण रोमन सत्ता गेल्यावर हळूहळू ओस पडलं. मग तिथल्या विटांचं काय झालं? अकराव्या शतकात जवळच्या टेकडीवर मठाचं मोठं चर्च बांधायला घेतलं, तेव्हा लोकांनी त्याच विटा उचलून आणल्या! त्या चर्चच्या मनोऱ्यात त्या आजही दिसतात.

जुन्या शहराच्या जागी आता मोठी बाग आहे. १९३० ते १९३३ या काळात मॉर्टिमर आणि टेसा व्हीलर या दांपत्याने तिथे उत्खनन केलं. हेच मॉर्टिमर व्हीलर पुढे १९४४ ते १९४८ आपल्या भारताच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख होते बरं का! बागेत छपराखाली सुमारे १८०० वर्षांपूर्वीची, रंगीत तुकड्यांची नक्षीदार जमीन जपून ठेवली आहे. तिच्याखाली पोकळी आहे. थंडीत भट्टीची गरम हवा त्या पोकळीतून खेळवायची, की घर उबदार! त्याच बागेत आज मुलं खेळतात, तळ्याकाठी बदकं बघतात.

गावात १४०३ ते १४१२ या काळात बांधलेला घड्याळाचा मनोरा आहे. पूर्वी त्याची घंटा झाली, की लोकांनी चुली विझवून घरात बसायचं. आज मात्र गावाचा दिवस आगगाडीच्या वेळापत्रकावर चालतो. लंडनला थेट जाणारा लोहमार्ग १८६८ साली आला. जलद गाडीने लंडनचं सेंट पँक्रस स्टेशन आता वीसेक मिनिटांत येतं. सकाळी फलाटावर गर्दी उसळते, संध्याकाळी तीच माणसं थकून परत येतात. गाडीला उशीर झाला, की घरी मुलं वाट बघत बसतात. २०२०च्या कोरोना साथीनंतर पुष्कळांना आठवड्यातले काही दिवस घरून काम करता येतं. तेवढाच आई-बाबांचा सहवास!

बुधवारी आणि शनिवारी रस्त्यात बाजार भरतो. भाजी, पाव, फुलं घेताना शेकडो वर्षांची घरं शेजारीच उभी असतात. अशा घरात राहणं मजेचं, पण सोपं नाही. सरकारी यादीतल्या जुन्या घराची साधी खिडकी बदलायची, तरी आधी परवानगी काढावी लागते.

आणि खरी अडचण वेगळीच आहे. लंडन जवळ, गाव देखणं. म्हणून घरं फार महाग. गावाभोवतीची शेतं आणि झाडी हा लंडनचा 'हरित पट्टा'. तिथे सहसा बांधकाम करू देत नाहीत, त्यामुळे नवी घरंही थोडीच. मग याच गावात वाढलेल्या मुलांना मोठेपणी इथे घर घेणं परवडत नाही. शाळेतल्या बाई, दवाखान्यातली परिचारिका यांनी राहायचं कुठे? काही जण म्हणतात, शेतांवर घरं बांधा. काही म्हणतात, मोकळी जमीन एकदा गेली की परत मिळत नाही. दोघांचंही म्हणणं खरं आहे, म्हणून तर हा प्रश्न अवघड!

ओस पडलेल्या व्हेरुलेमियमच्या विटा वाचल्या, कारण त्या कुणाच्या तरी उपयोगी पडल्या. गावाचंही तसंच आहे. ते जपायचं, तर त्यात राहणारी माणसंही टिकायला हवीत. तुम्ही तिथले नगरसेवक असता, तर घरं बांधली असती की शेतं राखली असती? आज जेवताना आई-बाबांशी यावर जरूर बोला.