तौलनिक निबंधाची मांडणी : ज्ञानेश्वरी आणि क्रिस्तपुराण

सत्र संपत आले की पदव्युत्तर वर्गांतील विद्यार्थ्यांपुढे ‘तुलना करा’ या दोन शब्दांनी संपणारा एखादा प्रश्न हमखास येतो. प्रश्न सोपा वाटतो; उत्तरे मात्र बहुधा एकाच वळणाची असतात. दोन पाने पहिल्या ग्रंथावर, दोन दुसऱ्यावर आणि शेवटी ‘दोन्ही ग्रंथ आपापल्या परीने थोर आहेत’ असे एक वाक्य. अशा लेखनात दोन अर्धे निबंध शेजारी बसलेले असतात. तुलना तेवढी राहून जाते आणि गुणही नेमके तिथेच जातात.

गोमंतकीय विद्यार्थ्याला जवळचे उदाहरण घेऊ. ज्ञानेश्वरी १२९० ची. फादर थॉमस स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. एक गीतेवरील भाष्य, दुसरे बायबलमधील कथा सांगणारे पुराण. एकाचा कर्ता नेवाशात निरूपण करणारा, दुसऱ्याचा १५७९ मध्ये गोव्यात आलेला इंग्रज जेझुइट. तरीही दोघांनी ओवीच स्वीकारली आणि दोघांनीही मराठीचा मुक्तकंठाने गौरव केला. इतके अंतर आणि इतके साम्य एकत्र आले, की तुलनेला खरा आधार मिळतो.

पहिले काम निकष ठरवण्याचे. छंद, अलंकार, तत्त्वज्ञान, समाजदर्शन अशी सगळी अंगे पंधराशे शब्दांत कोंबली तर हाती यादीच उरेल. त्यापेक्षा एकच प्रश्न विचारावा : मराठीची स्तुती करण्याची गरज या दोघांना का भासली? त्याचे उत्तर निबंधाच्या पहिल्याच परिच्छेदात एका वाक्यात यावे. उदाहरणार्थ, ‘ज्ञानेश्वर मराठीची स्तुती करतात ती तिला संस्कृताच्या शेजारी मानाने बसवण्यासाठी, स्टीफन्स करतात ती एका नव्या धर्मकथेला श्रोत्यांच्या परिचित पुराणपरंपरेत जागा मिळवून देण्यासाठी.’ या विधानाशी कोणी असहमत होऊ शकेल, म्हणूनच ते सिद्ध करण्याजोगे आहे. ‘दोघांमध्ये साम्य आहे आणि भेदही आहेत’ या वाक्याशी भांडणार कोण?

मग मांडणी. एक ग्रंथ पूर्ण सांगून दुसऱ्याकडे वळणे ही एक रीत. लहान निबंधात ती चालते, पण दुसऱ्या भागाने पावलोपावली पहिल्याकडे वळून पाहिले तरच. दुसरी रीत मुद्देनिहाय : प्रत्येक मुद्द्यावर दोन्ही ग्रंथ समोरासमोर आणायचे. मोठ्या निबंधाला हीच अधिक मानवते. मुद्द्यांचा क्रम हलक्याकडून भारीकडे असावा. येथे प्रथम छंद, मग श्रोता, शेवटी भाषा. छंदाचे एका परिच्छेदात आटोपेल. श्रोत्यापाशी मात्र थांबावे लागेल.

कारण दोन्ही ग्रंथांत श्रोता आतच बसलेला आहे. ज्ञानेश्वरांपुढे गुरू निवृत्तिनाथ आणि संतांची सभा. त्यांच्याशी ते लडिवाळपणे बोलतात, त्यांची अनुज्ञा मागतात. स्टीफन्सांच्या ग्रंथारंभी एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीगुरूंना विनवतो, की जुनी पुराणे आमच्या हातून गेली, तर त्यांच्या जागी आम्हांला काही द्यावे. एक सभा जाणकारांची आहे, दुसरा श्रोता काहीतरी गमावून बसलेला आहे. हा भेद हाती आला की भाषेच्या गौरवाकडे जाण्याची वाट आपोआप मोकळी होते, आणि परिच्छेद जोडण्यासाठी ‘आता आपण पुढील मुद्द्याकडे वळू’ असे लिहावे लागत नाही.

मुद्देनिहाय मांडणीचा धोका असा, की वाक्ये चेंडूफळीसारखी इकडून तिकडे जाऊ लागतात : ज्ञानेश्वरीत असे, क्रिस्तपुराणात तसे. परिच्छेदाचे पहिले वाक्य ग्रंथाच्या नावाऐवजी मुद्द्याने सुरू केले की हा दोष बराचसा टळतो. दोन्ही ग्रंथांना शब्द मोजून समान द्यावेत, असेही नाही. क्रिस्तपुराण कमी परिचित आहे. त्याला चार ओळी अधिक लागतील, त्या द्याव्यात. मात्र ते रोमन लिपीत छापले गेले, ही रंजक माहिती केवळ ठाऊक आहे म्हणून घुसडू नये. भाषा कोणासाठी, या प्रश्नाला ती उपयोगी पडत असेल तरच तिला जागा आहे. (माझ्या मते पडते.)

उपसंहारात श्रेष्ठ कोण, याचा निवाडा करू नये. एका ग्रंथामुळे दुसऱ्यात काय नव्याने दिसले, ते सांगावे. स्टीफन्सांनी मराठी ही परकी भाषा म्हणून कष्टाने आत्मसात केली, हे लक्षात घेऊन ज्ञानेश्वरीकडे परतले, की ज्ञानेश्वरांच्या अभिमानात आपल्याच घरच्या भाषेवर टाकलेला विश्वास किती आहे, ते जाणवते.

कच्चा खर्डा झाल्यावर परिच्छेदांची केवळ पहिली वाक्ये सलग वाचून पाहावीत. त्यांतून विधान पुढे सरकत नसेल, तर दुरुस्ती शब्दांची नव्हे, क्रमाची हवी.