न्यूरोडायव्हर्स बालके आणि गृहव्यवस्थापन : 'संरचित अध्यापना'च्या तत्त्वांचे घरगुती उपयोजन

प्रस्तावना

गृहव्यवस्थापन हा विषय गृहविज्ञानात मुख्यतः वेळ, श्रम व पैसा यांच्या बचतीच्या अंगाने मांडला गेला आहे. लिलियन गिलब्रेथ यांनी १९२७ साली प्रसिद्ध झालेल्या 'द होममेकर अँड हर जॉब' या ग्रंथात औद्योगिक क्षेत्रातील श्रम-सुलभीकरणाची तत्त्वे घरकामास लावली. घरातील व्यक्ती सांगितलेले लक्षात ठेवतील, वेळेचा अंदाज घेतील आणि कामे क्रमाने पूर्ण करतील, हे अशा मांडणीत सहसा गृहीत धरलेले असते. स्वमग्नता, अवधान-न्यूनता व अतिचंचलता (एडीएचडी) अथवा विशिष्ट अध्ययन-अक्षमता असलेल्या मुलांच्या घरी हे गृहीतक टिकत नाही. मेंदूच्या घडणीतील अशा नैसर्गिक भिन्नतेसाठी १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून 'न्यूरोडायव्हर्सिटी' ही संज्ञा रूढ झाली. अशा कुटुंबांतील गृहव्यवस्था कोणत्या तत्त्वांवर उभी राहावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

अडचणीचे स्वरूप

लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांच्या निरीक्षणावरून स्वमग्नतेचे वर्णन केले. परिसर व दिनक्रम जसाच्या तसा राहावा, हा या मुलांचा तीव्र आग्रह त्यांनी त्याच वेळी नोंदविला होता. २०१३ सालच्या 'डीएसएम-५' या निदान-नियमावलीत आवाज, स्पर्श, प्रकाश इत्यादी संवेदनांना मिळणाऱ्या अतितीव्र किंवा अतिमंद प्रतिसादाचाही स्वमग्नतेच्या निकषांत समावेश झाला. एडीएचडीच्या संदर्भात रसेल बार्कले यांची १९९७ सालची मांडणी महत्त्वाची आहे. त्यांच्या मते मूळ उणीव ज्ञानाची नसून स्व-नियंत्रणाची आहे. काय करावयाचे हे मुलाला ठाऊक असते. परंतु ते योग्य क्षणी आठवणे आणि तडीस नेणे त्याला कठीण जाते. म्हणून आवश्यक ती सूचना मुलाच्या मनात राहील या भरवशावर न थांबता, कृती जेथे घडावयाची तेथेच दृश्य रूपात उपलब्ध असावी, असे ते सुचवितात.

सामान्यतः या उणिवेची भरपाई घरातील एक व्यक्ती, बहुधा आई, आपल्या वाणीने करीत असते. 'दात घासले का?', 'डबा घेतलास का?', 'बस येईल आता' अशा सूचनांची मालिका सकाळपासून सुरू होते. सूचना वाढतात, स्वर चढतो आणि मूल ऐकेनासे होते. येथे शिस्तीपेक्षा व्यवस्थेचा प्रश्न अधिक आहे. संपूर्ण घराची स्मरणशक्ती एकाच व्यक्तीकडे सोपविलेली असते. ती व्यक्ती आजारी पडली अथवा कामावर लवकर गेली, की दिनक्रम कोसळतो.

संरचित अध्यापनाची तत्त्वे

या प्रश्नावर उपयुक्त ठरणारी मांडणी अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात एरिक शॉप्लर व त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केली. १९७२ साली तिला 'टीच' या राज्यव्यापी कार्यक्रमाचे स्वरूप आले. मुलाला परिसराशी जुळवून घेण्यास भाग पाडण्याऐवजी परिसर मुलाला समजेल असा रचावा आणि पालकांना सहचिकित्सक मानावे, हे तिचे सूत्र होय. जागेची स्पष्ट विभागणी, चित्रमय दिनक्रम, कार्यप्रणाली आणि कामाची दृश्य रचना ही तिची प्रमुख अंगे आहेत. कार्यप्रणालीने मुलाला चार प्रश्नांची उत्तरे न बोलता मिळावीत, अशी अपेक्षा असते : काम कोणते, किती, ते संपले हे कसे कळणार आणि त्यानंतर काय?

घरातील उपयोजन

१) जागा : दोन खोल्यांच्या घरातही एका कामास एक जागा ठरविता येते. दप्तर, बूट, ओळखपत्र व पाण्याची बाटली दाराजवळच्या एकाच कप्प्यात असावी. झाकणबंद डब्यांपेक्षा पारदर्शक किंवा उघडे डबे बरे. कारण दृष्टीआड गेलेली वस्तू एडीएचडी असलेल्या मुलाच्या लेखी बहुधा नसल्यासारखीच असते. डब्यावर नावाबरोबर चित्र असल्यास वाचनाची अडचण असलेल्या मुलालाही वस्तू शोधता व परत ठेवता येते.

२) वेळ : 'थोड्या वेळाने' हा शब्दप्रयोग अशा मुलाला काहीच सांगत नाही. वाळूचे घड्याळ किंवा भिंतीवरील घड्याळाच्या तबकडीवर रंगविलेला भाग उरलेला वेळ डोळ्यांना दाखवितो. सकाळच्या कामांची चित्रे क्रमाने लावून, काम होताच चित्र उलटून ठेवण्याची सोय केल्यास 'संपले' ही कल्पना मूर्त होते.

३) संवेदना : कुकरची शिट्टी वा मिक्सरचा आवाज असह्य होत असल्यास अभ्यासाची जागा स्वयंपाकघरापासून दूर असावी. पाहुण्यांच्या वर्दळीत मुलाला माघार घेता येईल असा एक शांत कोपरा असावा. तो शिक्षेसाठी कधीही वापरू नये.

४) बदल : महाराष्ट्रातील घरांत दिवाळीची साफसफाई आणि गौरी-गणपती यांच्या निमित्ताने सामान हलते व दिनक्रम बदलतो. इतरांना आनंददायक वाटणारा हा काळ स्वमग्न मुलाला अस्वस्थ करू शकतो. कोणती वस्तू कोठे जाणार आणि केव्हा परत येणार, हे दिनदर्शिकेवर चित्राने आधी दाखवावे. त्याचा स्वतःचा कप्पा शक्यतो हलवू नये.

मर्यादा व दक्षता

अशा व्यवस्थेचे यश टापटिपीवरून मोजणे योग्य नव्हे. सुंदर तक्ते लावून ते पाळले जावेत म्हणून आईलाच पहारा द्यावा लागला, तर तिच्या कामात भरच पडते. एका वेळी एकच अडचणीची घडी निवडावी, तेथे जम बसल्यावर पुढे जावे. आजी-आजोबा व घरकामास येणाऱ्या ताई यांनाही खुणा समजाव्यात; अन्यथा सकाळी लावलेले संध्याकाळी विस्कटते. मूल जाणते झाल्यावर मांडणी ठरविताना त्याचे मत घ्यावे. घरातील कोणतीही व्यवस्था निदान, उपचार वा विशेष शिक्षणाची जागा घेऊ शकत नाही, याचेही भान आवश्यक आहे.

समारोप

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत स्वमग्नता व विशिष्ट अध्ययन-अक्षमता यांचा समावेश आहे; एडीएचडीचा त्यात स्वतंत्र उल्लेख नाही. कायदा शाळेकडून सुविधांची अपेक्षा करतो. घराची उभारणी मात्र कुटुंबालाच करावी लागते. म्हणून गृहविज्ञान, मानसशास्त्र व शिक्षणशास्त्र यांच्या अध्यापनात या विषयाला स्थान मिळणे उचित ठरेल. सारांश, सूचना माणसाच्या तोंडून काढून वस्तूंच्या मांडणीत ठेवणे, हे अशा गृहव्यवस्थापनाचे मूलतत्त्व होय. त्यामुळे मुलाला स्वतः काम पूर्ण केल्याचे समाधान मिळू शकते आणि आईला सतत आठवण करून देण्याऐवजी मुलाशी सहज बोलण्यास उसंत लाभते.