लॅपटॉपसह प्रवास : कुलूप बॅगेला, कुलूप माहितीलाही

रात्रीच्या गाडीने मुंबईहून नागपूरला निघालेला प्रवासी बॅग साखळीने बाकाखालच्या कडीला बांधतो, कुलूप लावतो आणि निश्चिंत झोपी जातो. बॅगेत लॅपटॉप असेल तर ही निश्चिंती अपुरी ठरते. यंत्र चोरीस गेले तर नवे घेता येते. त्यातील विवरणपत्रे, पॅन व आधारच्या प्रती, साठवून ठेवलेले पासवर्ड परक्याच्या हाती पडले, तर मात्र ते परत मिळवण्याचा मार्ग नाही.

संगणक सुरू होताना पासवर्ड विचारतो, म्हणजे माहिती सुरक्षित आहे, असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. डिस्क एन्क्रिप्ट केलेली नसेल, तर ती काढून दुसऱ्या संगणकास जोडताच फायली वाचता येतात. पासवर्डची अडचणच उरत नाही. एन्क्रिप्शन म्हणजे डिस्कवरील सर्व मजकूर सांकेतिक रूपात ठेवणे. त्यासाठी विंडोजमध्ये बिटलॉकर आणि अ‍ॅपलच्या संगणकांत फाइलव्हॉल्ट ही सोय असते. विंडोजच्या होम आवृत्तीतही अनेक यंत्रांवर ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ मिळते. ती सुरू आहे की नाही, हे प्रवासाच्या आधीच पाहावे. बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून त्याच बॅगेत ठेवणारे महाभागही असतात; कुलपालाच किल्ली बांधण्याचा हा प्रकार! आणखी एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. झाकण मिटल्याने संगणक केवळ झोपतो आणि एन्क्रिप्शनची किल्ली त्याच्या स्मृतीत तशीच राहते. म्हणून निघण्यापूर्वी तो पूर्णपणे बंद करणे श्रेयस्कर.

विमानप्रवासात लॅपटॉप हातातील सामानातच असावा. पॉवर बँक तर चेक-इन सामानात चालतच नाही.

नोंदणी करून पावती न घेतलेल्या, स्वतःजवळच्या सामानाची जबाबदारी रेल्वे सहसा स्वीकारत नाही. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १०० नुसार अशा वेळी रेल्वे कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा किंवा गैरवर्तन प्रवाशालाच सिद्ध करावे लागते. धावत्या गाडीत चोरी लक्षात आल्यास १३९ वर कळवावे. गुन्हा नेमका कोणत्या हद्दीत घडला, या वादात अडकण्याचे कारण नाही; १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार कोणत्याही पोलीस ठाण्यात गुन्ह्याची माहिती देता येते. यंत्राचा अनुक्रमांक घरी नोंदवलेला असल्यास तक्रार अधिक नेमकी होते.

तक्रारीच्या रांगेत उभे राहण्यापूर्वीच सहप्रवाशाच्या किंवा स्वतःच्या मोबाइलवरून ई-मेलचा पासवर्ड बदलावा. प्रथम ई-मेलचाच, कारण इतर बहुतेक खात्यांचे पासवर्ड त्याच वाटेने बदलले जातात. त्यानंतर नेट बँकिंगचा. लगेच बँकेस कळवावे. लॅपटॉप कार्यालयाचा असल्यास माहिती तंत्रज्ञान विभागासही. खात्यातून रक्कम गेल्याचे दिसल्यास १९३० हा सायबर फसवणुकीसाठीचा क्रमांक त्याच क्षणी लावावा. गेलेली रक्कम पुढील खात्यांत थोपवता येते ती पहिल्या काही तासांतच.